अजून चढत नाय

पोलादपूरच्या स्टँडमागे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे ते गृहस्थ दुकानातच एकटे राहायचे. माझा लॅपटॉप इतका जुना, की नवी ऑपरेटिंग सिस्टीम तो घेईचना. त्यांनी तो ठेवून घेतला. मी रोज संध्याकाळी चौकशीला जायचो. ते लॅपटॉपलाच समजावत असायचे, "चल गो बाय, हट्ट नको करू." मग मला म्हणायचे, "मास्तर, अजून चढत नाय. बसा, चहा सांगतो."

आठवड्याने लॅपटॉप घरी आणला. त्यात तारीख पाहिली, तर सिस्टीम पहिल्याच दिवशी चढली होती. मला रागवताही येईना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

"आता काय बिघडलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"काही नाही. सहज बसायला आलोय."

ते घाईघाईने खुर्ची पुसू लागले.