मास्तरांचा डावा पाय

धुळ्याच्या देवपूर भागात आधार मास्तरांना न ओळखणारा माणूस एक तर गावात नवा असतो, नाही तर तो आयुष्यभर पायीच चाललेला असतो. वकील, शिक्षिका, दवाखान्यातल्या सिस्टर, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुना, निवृत्तीनंतर हौस उसळून आलेले साहेब, अशा कितीतरी लोकांनी त्यांच्या गाडीत बसून पहिल्यांदा स्टिअरिंगला हात लावला आहे. रस्त्यात कुणी गाडी थांबवून नमस्कार केला की त्यांच्या पत्नी कलाबाई हळूच विचारतात, "हे कोण?" मास्तरांना नाव कधीच आठवत नाही. ते म्हणतात, "तिसऱ्या गिअरला घाबरणारे." नाही तर, "वळताना जीभ बाहेर काढणारे."

लोक मास्तर म्हणत असले तरी त्यांची स्वतःची शाळा दहावीतच सुटली. साक्रीकडच्या एका खेड्यात आईवडील मजुरी करायचे. आधार साक्री-धुळे काळी-पिवळी जीपवर आधी किन्नर म्हणून लागले. मागच्या पायरीवर लोंबकळत गिऱ्हाइकांना हाका मारायच्या, हे काम. मग ड्रायव्हर झाले. त्या जीपमध्ये माणसं इतकी ठासलेली असत की ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक जण बसलेला असे, आणि गिअरचा दांडा कुणाच्या तरी गुडघ्यांतून शोधून काढावा लागे. अशा गाडीवर बसलेला हात पक्काच बसतो. पुढे मुलगी झाली तेव्हा कलाबाई म्हणाल्या, "लोकांना किती दिवस पोचवत राहणार? आता त्यांनाच चालवायला शिकवा की." तसं ड्रायव्हिंग स्कूल निघालं.

शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याची पॅडलं आणि ही पॅडलं तारेनं एकमेकांना बांधलेली असतात. समोरच्यानं घोटाळा केला की शेजारच्यानं दाबायचं. मास्तरांचा डावा पाय जन्मभर असा दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत क्लचवर टेकलेला राहिला. शिकवायची त्यांची रीतही साधी. बायकांना सांगायचे, "भाकरी तव्यावर टाकताना हात कसा सोडता? एकदम नाही ना? तसाच क्लच सोडा." शेतकऱ्याला सांगायचे, "बैल दचकला तर औत मोडतं, आबा. हळू." घरी टीव्ही बघतानाही पडद्यावर गाडी दिसली की त्यांचा पाय फरशी दाबायचा. कलाबाई म्हणायच्या, "दाबू नका. घर घरंगळत नाही."

त्यांची मुलगी संघमित्रा, घरातली मित्रा, डॉक्टर झाली आणि साक्रीच्या पलीकडे डोंगरातल्या सरकारी दवाखान्यात रुजू झाली. जीप बदलत बदलत जायची, यायची. तिला लहानपणापासून एकच वेड होतं, दांडग्या गाडीचं. रुंद चाकं, उंच बॉनेट, आणि चालू केली की शेजारच्या काचा थरथरल्या पाहिजेत, असं इंजिन. आता तशी गाडी घ्यायचं तिनं ठरवलं. गाडीही ठरली, रंगही ठरला, गडद लाल. राहिलं एवढंच, की गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक.

"बाबा सांगतील ती," ती म्हणाली.

मास्तर उठून कोपऱ्यावरच्या लोटनच्या चहाच्या टपरीवर गेले.

लोटन त्यांचा जीपच्या काळापासूनचा दोस्त. त्याला सगळी बातमी आधीच लागलेली होती. चहा गाळता गाळता तो अहिराणीत म्हणाला, "मास्तर, तुमनी पोर बिनागिअरनी गाडी लेवाव शे म्हने?"

"अजून ठरलं नाही."

"लिऊ नका. बठ्ठं धुळं हासी. मास्तरनी पोर, अन् तिलेच गिअर टाकता येत नही."

सगळं धुळं हसेल, या कल्पनेनं मास्तर कसनुसं हसले. लोटननं थट्टेत म्हटलं होतं, पण बाण नेमका लागला होता. कारण संघमित्राला चढावर गाडी उचलता येते की नाही, हे मास्तरांना खरंच माहीत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. मुलीला गाडी त्यांनीच शिकवली. सपाट रस्त्यावर ती छान चालवायची. पण चढावर थांबून परत निघायचं म्हटलं की तिचा पाय क्लचवरून जरा लवकर सुटे. दुसरं कुणी असतं तर मास्तरांनी गाडी बंद पडू दिली असती. पडल्याशिवाय पाय शिकत नाही, हे त्यांचंच वाक्य. पण पोटच्या पोरीचा चेहरा उतरलेला त्यांना बघवेना. मग ते काय करत, तर आपला क्लच हळूच अर्धा दाबून धरत आणि अलगद सोडत. गाडी लोण्यासारखी चढ चढायची. पोर खूश, बाप खूश. पुढे ती नाशिकला शिकायला गेली. सुट्टीत आली की शाळेच्याच गाडीवर हात साफ करायची, आणि शेजारी मास्तर असायचेच. एकटी ती कधी चढावर गेलीच नाही. आणि आता रोजची वाट डोंगरातली.

ऑटोमॅटिक घे म्हणावं, तर ती विचारणार, का? खरं सांगावं, तर इतक्या वर्षांचा तिचा विश्वास मोडायचा. गिअरची घे म्हणावं, तर घाटात मागे ट्रक उभा असताना गाडी मागे गेली, तर काय?

शोरूममधल्या योगराज नावाच्या तरुणानं दोन्ही गाड्या दाखवायला तयार ठेवल्या होत्या. "सर, आपल्याकडची ही मसल कारच म्हणा," तो म्हणाला. आधी ऑटोमॅटिक काढली. संघमित्रा चालवत होती, मास्तर शेजारी, योगराज मागे. गाडी खरंच दांडगी होती. पायानं नुसतं विचारलं तरी पळत होती. मास्तरांच्या डाव्या पायाला मात्र रजेवर पाठवल्यासारखं झालं. उतरल्याबरोबर ते स्तुती करायला लागले. पाय दुखत नाही, लक्ष रस्त्यावर राहतं, डॉक्टर माणसाला हेच बरं.

संघमित्रा त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा, हे तुम्ही बोलताय?"

"जमाना बदलला, मित्रा."

"तुमचा कधी बदलला?" ती म्हणाली आणि गिअरच्या गाडीत जाऊन बसली.

गाडी लळिंगच्या घाटाकडे निघाली. चढ सुरू झाला. पुढे केळींनी भरलेला ट्रक रांगत होता. तो थांबला, संघमित्राही थांबली. मास्तरांचा पाय नकळत पुढे गेला आणि खालचा मॅट दाबायला लागला. मॅटनं काय ऐकायचं? ट्रक हलला. संघमित्रानं ब्रेक सोडला. मास्तरांनी श्वास धरला. गाडी तसूभरही मागे न जाता सरळ वर निघाली.

मास्तरांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मुलीच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं, की त्यांना वाटलं, उगाच इतके दिवस काळजी केली.

"सर," मागून योगराज उत्साहानं म्हणाला, "ही गाडी चढावर थोडा वेळ स्वतःच ब्रेक धरून ठेवते. ड्रायव्हरला काही करावंच लागत नाही."

संघमित्राचं हसू मावळलं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे बाबा, तुमचा पाय कंपनीनं गाडीतच बसवून दिलाय."

मास्तरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. योगराजला काही कळलं नाही. तो गाडीचं कौतुक समजून हसला.

मास्तर मुलीबरोबर घरी आले. चपला काढतानाच त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बाबा, तुमचं नि माझं पॅडल एका तारेला बांधलेलं आहे. तुम्ही दाबलं की माझ्या पायाखालचं खाली जातं. मला कळणार नाही का?"

मास्तर मटकन खुर्चीत बसले. ती तार त्यांनी मेकॅनिकच्या उरावर बसून स्वतः ओढून घेतली होती. एकाचं पॅडल दाबलं की दुसऱ्याचं जातं, हे ते दर नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगत. आणि स्वतःच्या मुलीला ते कळत नाही, असं ते एवढी वर्षं खुशाल धरून चालले होते.

स्वयंपाकघरातून कलाबाईंचा आवाज आला. "बठ्ठा गावले शिकाडं, अन् घरनी पोरले काय शिकाडं?" रागावल्या की त्या घरातली बोली काढत.

"मग बोलली का नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला किती बरं वाटायचं ते," संघमित्रा म्हणाली. "चढ संपला की तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवायचात. मी कशाला मोडू? पण आता मला कळलं पाहिजे बाबा, मला येतं की नाही. त्याशिवाय कुठलीच गाडी ठरवायची नाही. उद्या आपली जुनी गाडी काढू. तिला ब्रेक धरून ठेवता येत नाही. आणि तुम्ही मागे बसायचं."

"मागे?"

"मागे. आईजवळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची गाडी निघाली, छपरावर मास्तरांच्या नावाची पाटी, पुढं शिकाऊ गाडीचं लाल 'एल' अक्षर. मास्तर आपल्याच गाडीत मागच्या सीटवर कधी बसले नव्हते. गुडघे कुठे ठेवायचे ते त्यांना समजेना. शेजारी कलाबाई भाजलेल्या शेंगांचा पुडा घेऊन निवांत बसल्या होत्या.

घाटात एका चढावर, रस्त्याच्या कडेला, संघमित्रानं गाडी मुद्दाम थांबवली. "बघते हं," ती म्हणाली. पाय लवकर सुटला. गाडीनं एक हिसका दिला आणि ती बंद पडली. शेंगा कलाबाईंच्या मांडीवर सांडल्या. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, पाटी वाचली, आणि शेजारून जाताना ओरडला, "मास्तर कुठे गेले?"

"मागे बसलेत," कलाबाईंनी खिडकीतून उत्तर दिलं.

मास्तरांच्या तोंडाशी आलं होतं, भाकरी, मित्रा, भाकरी. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. संघमित्रानं गाडी परत चालू केली. गाडी जराशी मागे सरकली. मास्तरांनी समोरची सीट दोन्ही हातांनी धरली. तिनं ब्रेक दाबला, थांबली, एक श्वास घेतला. मग इंजिनाचा आवाज हळूहळू भरत आला, गाडीचं नाक किंचित वर उठलं, तिथंच क्षणभर थरथरत राहिलं, आणि तिनं ब्रेक सोडला. गाडी चढली. मागे नाही, हिसका नाही. त्या क्षणभराच्या थरथरीत सगळं असतं, हे मास्तरांना ठाऊक होतं. ती थरथर कुणी दुसऱ्याच्या पायानं आणून देऊ शकत नाही.

संघमित्रा एवढ्यावर थांबली नाही. पुढच्या चढावर परत थांबली, परत निघाली. मग आणखी एकदा. कलाबाई म्हणाल्या, "बाई, आता पुरे, नाही तर शेंगांबरोबर मीही सांडेन."

माथ्यावर गाडी कडेला घेऊन संघमित्रा मागे वळली. कपाळावर घाम होता, पण डोळे लकाकत होते. "आता सांगा बाबा. कोणती घेऊ?"

ऑटोमॅटिक घे म्हटलं असतं, तर ती घेतली असती, आणि मास्तरांचा जीव रोज संध्याकाळी भांड्यात पडला असता. पण तो त्यांच्या जिवाचा प्रश्न होता. गाडी तिची होती.

"तुला कोणती आवडली?"

"गिअरची. एवढं मोठं इंजिन, बाबा. ते माझ्या हातानं उठलं पाहिजे."

"मग तीच घे," मास्तर म्हणाले. "मात्र त्या गाडीच्या ब्रेकवर विसंबू नको. तुला येतं आता."

"आणि लोटनभाऊंना सांगा, मास्तरांची पोरगी गिअरवरच चालवते म्हणून," कलाबाई म्हणाल्या. मास्तर मोकळेपणानं हसले.

परतताना उताराच्या आधी संघमित्रा म्हणाली, "या पुढे, बाबा. तुमची जागा."

"राहू दे," मास्तर म्हणाले. त्यांनी पाय लांब केले. खिडकीतून लळिंगचा किल्ला पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसत होता. या रस्त्यानं ते हजारदा गेले असतील, पण नजर कायम शिकणाऱ्याच्या पावलांवर. किल्ल्याचे बुरूज त्यांनी कधी नीट पाहिलेच नव्हते. वारा छान लागत होता. कलाबाईंनी सोललेले दाणे त्यांच्या हातावर ठेवले. ते त्यांनी तोंडात टाकले की नाही, कुणास ठाऊक. धुळ्याच्या अलीकडेच त्यांची मान खिडकीला टेकली.

कलाबाई पुढे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "मित्रा, सावकाश. तुझे बाबा झोपले."

संघमित्रानं आरशात पाहिलं आणि गिअर असा बदलला, की त्यांची मान हललीसुद्धा नाही.