समासातली पेन्सिल

खोडरबराचा वास आला की मला बारामतीचं ते वाचनालय आठवतं. नव्वदच्या दशकात वडील सुट्टीच्या दिवशी मला सायकलवर डबलसीट घेऊन काटेवाडीच्या रस्त्यानं तिथं न्यायचे. ते शाळेत गुरुजी होते. पुस्तकाचं पान कुणी दुमडलं तरी चिडायचे. एकदा जाडजूड ज्ञानकोशात त्यांना आमच्या गावाची नोंद सापडली. हरखून त्यांनी मला हाक मारली, आणि वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. धर्मांतर आजोबांनीच केलं होतं, तरी कोशात आमच्या वस्तीचं जुनं, जातीवरून पडलेलं नावच होतं. वडिलांनी समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं, ‘बौद्ध वस्ती’. ग्रंथपालांनी ते पाहिलं. “गुरुजी, तुमीच पुस्तकात लिहाय लागल्यावर पोरांनी काय करायचं?” “पण हितं चुकीचं छापलंय.” “आसंल. म्हणून काय जो येईल त्यानं लिहायचं? मग कोश कशाला म्हणायचं त्याला?” वडील वर्गात हेच सांगायचे. त्यांनी कोश ग्रंथपालांपुढं सरकवला. ग्रंथपालांनी जपून खोडलं आणि रबराचा चुरा फुंकला. वडील पुन्हा कधी त्या वाचनालयात गेले नाहीत. आता मीही शिक्षिका आहे. परवा इंटरनेटवरच्या, कुणालाही दुरुस्त करता येणाऱ्या ज्ञानकोशात गावाचं पान उघडलं, तर तिथंही तेच नाव. मी ते बदललं. सकाळी जुनं नाव परत आलं होतं, आणि कारण दिलं होतं: ‘छापील कोशाप्रमाणे पूर्ववत केले.’