उलटी पडलेली सावली

आज आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत गेटला रंग लागला आणि टर्पेंटाइनच्या वासाने मला मोरा बंदरावरचा एक पेंटर आठवला. तेव्हा एका हॉटेलच्या पाटीसाठी मला जुन्या वळणाची, सावली पाडलेली अक्षरं काढायची होती, म्हणून मी होड्यांवरच्या नावांचे फोटो काढत हिंडत होते. ओहोटीमुळे होड्या चिखलात कलंडल्या होत्या. साठीचा तो पेंटर एका होडीवरचं नाव पुरं करून ब्रश पुसत होता. पिवळी अक्षरं, काळी कड आणि उजवीकडे लाल सावली. "काका, शेवटच्या अक्षराची सावली डावीकडे पडलीय," मी सहज म्हटलं. होडीची मालकीण मागेच उभी होती. "उद्या पूजा हाय," ती त्याला म्हणाली, "आनि नाव असं?" ओलं अक्षर त्याने फडक्याने पुसलं, तर शेजारचंही फिसकटलं. मग त्याने सगळं नाव पुसलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. भर उन्हात दोन तास गेले. मला निघता आलं असतं, पण पाय निघेना. काम संपल्यावर तो माझ्याकडे वळला. "आता बगा, बरोबर हाय का?" आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. मी नीट न बघताच हो म्हटलं. हॉटेलची पाटी चांगली झाली. हल्ली कुणाच्या कामात चूक दिसली, तर बोलण्याआधी मी आजूबाजूला कोण उभं आहे ते बघते.