कंडक्टरचं औषध

"मॅडम, गोळ्या बदला. ह्यांना काहीच फरक न्हाई," शोभाताई म्हणाल्या. शेजारी त्यांचे पती भानुदासराव मान खाली घालून बसले होते.

मी मानसोपचारतज्ज्ञ. दर बुधवारी नगरहून येऊन पाथर्डीत पेशंट तपासते. भानुदासराव बस कंडक्टर. गर्दीत अचानक त्यांची छाती धडधडायची, आता मेलोच असं वाटायचं. याला आम्ही पॅनिक अटॅक म्हणतो. ईसीजी नॉर्मल होता. दोन महिने गोळ्या दिल्या, तरी अटॅक वाढतच गेले. आता ते ड्यूटीला जायलाच घाबरत होते. नोकरी जाते की काय, या काळजीने शोभाताई अर्ध्या झाल्या होत्या.

व्यसन आहे का, हे मी पहिल्या भेटीतच विचारलं होतं. ते 'न्हाई' म्हणाले आणि मी तसं लिहून मोकळी झाले.

त्या दिवशी सहज विचारलं, "घाबरं झालं की घरचं काही औषध घेता का?"

"घेतो की. गांज्याची चिलीम. आधी दोन झुरक्यांत बरं वाटायचं. आता पाच-सहा लागत्यात."

"मग व्यसन नाही कसं म्हणालात?"

"व्यसन कुठं? औषध हाय ते."

शोभाताईंनी कपाळावर हात मारला. मला राग आला तो स्वतःचा. माणूस खरं बोलत होता, प्रश्नच माझा चुकला होता.

मी समजावू लागले. "आपला मेंदूही गांज्यासारखं द्रव्य तयार करतो, पण अगदी थोडं. भीती वाढली की ते पेशीवरच्या ठरावीक जागी बसतं आणि 'आता पुरे' असं सांगतं. त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. बसमधली घंटीची दोरी समजा. थांबायला दोनदा ओढली की..."

"एकदा." भानुदासरावांनी पहिल्यांदाच मान वर केली. "दोनदा म्हंजे निघा."

"बरं, एकदा. गांज्यातलं टीएचसी तीच दोरी ओढतं. थोडं असलं तर भीती थांबते. जास्त झालं की..."

"सगळे पाशिंजर दोरीला लोंबकळत्यात. ड्रायव्हरला कळंना, थांबू का निघू."

मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

"पन पुतण्या म्हनतो, गांज्यातलंच भीती घालवायचं तेल मिळतं."

"त्यात सीबीडी नावाचं गांज्यातलंच दुसरं द्रव्य असतं. ते दोरी फारशी ओढत नाही, उलट ओढणाऱ्याचा हात जरा ढिला करतं म्हणतात. अजून पुरतं कळलेलं नाही. चिलमीत मात्र जोर टीएचसीचाच."

गोळ्या त्याच ठेवून चिलीम बंद करायचं ठरलं. पहिले दहा-बारा दिवस फार वाईट गेले. झोप नाही, चिडचिड, घाम. रोज सकाळी शोभाताई त्यांना हात धरून बस थांबते त्या फाट्यापर्यंत चालवत न्यायच्या. भर गावातून नवऱ्याचा हात धरून जायचं, लोक हसायचे. त्यांनी हात सोडला नाही. त्या बाईवर माझा फार जीव जडला.

तीन महिन्यांनी भानुदासराव युनिफॉर्ममध्येच आले.

"काल गाडी खच्चून भरली हुती. पार मागच्या सीटपर्यंत जाऊन तिकिटं दिली."

"घाबरं झालं नाही?"

"झालं की. म्हनलं, होऊ दे. जरा वेळानं आपसूक गेलं."

हे 'होऊ दे' शिकवायला आम्हाला कधीकधी वर्ष लागतं. मी गोळी निम्मी केली.