रजिस्टरात बसलेलं दार

मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालो, कारण निवडीच्या दिवशी मी सभेला हजर होतो. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो आणि बाकीचे पालक सोयाबीन काढायला गेले होते. माझं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान शाळेच्या फाटकासमोर, पोरगी सहावीत. एवढी पात्रता पुरली. आठ दिवस मी उगीचच इस्त्रीचा शर्ट घालून मोटारी खोलत होतो.

पुढं सभाच माझ्याकडं यायला लागली. म्हणजे मुख्याध्यापक रजिस्टर काखेत मारून दुकानात यायचे. आत सगळं आधीच सुंदर अक्षरात लिहिलेलं असायचं: सभा अकरा वाजता सुरू झाली, सविस्तर चर्चा झाली, ठराव सर्वानुमते मंजूर झाला. आपण तोंड न उघडता इतकं शहाणपणाचं बोललो, याचं मला कौतुक वाटायचं. हातावरचं वार्निश चिंधीला पुसून मी सही ठोकायचो, चहा सांगायचो आणि रजिस्टर पुढच्या सदस्याच्या घरी जायचं. आमच्या गावात सभेला कुणी जात नाही, सभाच दारोदार फिरते.

एकच माणूस त्रास द्यायचा. बांगड्यांचं दुकान असलेले चाचा, नातीचे पालक म्हणून समितीत होते. ते म्हणायचे, "सर, चष्मा न्हाय जवळ. ठिवून जावा, वाचून सही करतो." सर वैतागायचे. मीही चाचांना हसायचो.

त्या वर्षी वरून दोन विषयांवर भर होता, विद्यार्थी सुरक्षा आणि गुणवत्ता. सुरक्षेत फाटकावर कॅमेरा बसला. त्यात माझं दुकान स्पष्ट दिसायचं. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार सडून पडलं होतं, तर फायबरचं नवं कोरं दार आलं. ते बसल्याच्या ठरावावर मी सही केली. फोटोही पाहिला होता, चौकटीत दार उभं होतं. दाराच्या कडेला कुणाची तरी चार बोटं दिसत होती, पण मला वाटलं, सिमेंट वाळेपर्यंत धरलं असेल.

गुणवत्तेचा ठराव मात्र खास माझा. दुपारनंतर मुली मागं पडतात, वाचताना चुकतात, खिडकीबाहेर बघतात, असं सर म्हणाले. मी लगेच सुचवलं, "संध्याकाळी एक तास जादा घ्या. बसतील तर येईल." पाचला सुटणारी शाळा सहाला सुटू लागली. हा ठराव रजिस्टरात माझ्या नावानं लिहिला गेला आणि तो मी घरी दोनदा वाचून दाखवला.

थंडी सरता सरता पोरीला ताप यायला लागला. ओटीपोटात दुखायचं. गोळी दिली की उतरायचा, चार दिवसांनी परत. बायको म्हणाली, "ती शाळंत जायचं न्हाय म्हणतीय." मी म्हणालो, जादा तासाचा कंटाळा, दुसरं काय. शेवटी एका सकाळी ती कण्हायला लागली, तेव्हा वडापच्या भरल्या जीपमध्ये बसवून तिला लोहाऱ्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाईंनी लघवी तपासली आणि पोरीला विचारलं, "दिवसाला पाणी किती पितेस?"

"सकाळी एक घोट. मग घरी आल्यावर."

"मधे का नाही?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पाणी पिलं की जावं लागतंय. शाळंत दार न्हाय."

"दार आहे," मी डॉक्टर बाईंना सांगितलं. "मी स्वतः अध्यक्ष आहे. बसवलंय."

"व्हय, दार हाय," पोरगी म्हणाली. "हापिसात हाय."

 डॉक्टर बाईंनी औषधं लिहिली आणि सांगितलं की असंच चाललं तर जंतू किडनीपर्यंत जातील, मग नुसत्या तापावर भागणार नाही. परतीच्या जीपमध्ये मला पोरीच्या तोंडाकडं बघवेना. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ती अंग आवळून बसायची. त्यात आणखी एक तास बापानं ठराव करून वाढवला होता.

तिला घरी सोडून मी तडक शाळेत गेलो. दार खरंच कार्यालयात होतं. दोन बाकांवर आडवं टाकलेलं, वर गुणवत्ता कक्षाचे तक्ते. चौकट दोन बोटं अरुंद निघाली होती. फोटोपुरतं दोन शिक्षकांनी मागून धरून ठेवलेलं.

"मग कड कापायची," मी म्हणालो.

"नव्या साहित्याची मोडतोड कशी करणार? वरून परवानगी लागते."

"मग मागा परवानगी."

"कशाची मागू? दार बसलंय असं कळवलंय ना." सरांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढं केलं. खाली माझीच सही होती, झोकदार, शेपटासकट. "बाहेर ठेवलं तर चोरीला जाईल, म्हणून इथं सुरक्षित ठेवलंय."

सुरक्षेबाबत तक्रार करायला जागाच नव्हती. मी चाचांना बोलावून आणलं. त्यांनी दार उचलायला हात लावला आणि म्हणाले, "त्या ठरावावर माझी सही न्हाय. म्या बघायला आलतो, दार दिसलं न्हाय. तुमाला सांगायला आलो तर तुमी मोटार खोलत होता." आम्ही दोघांनी ते बाहेर आणलं. गावच्या सुतारानं करवतीनं कड कापली, बिजागऱ्या ठोकल्या, आतून कडी लावली. सगळ्याला चहा थंड व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. जादा तास त्याच दिवशी बंद केला, ठरावाशिवाय.

मग मी रजिस्टर घेऊन बसलो आणि पहिल्यापासून वाचून काढलं. आणखी काय काय बोललो होतो ते तरी कळावं. दर महिन्याच्या शेवटी एक ओळ होती: अध्यक्षांनी तक्रारपेटी उघडली, तक्रार निरंक. मी सरांना विचारलं, "पेटीची किल्ली?"

"पहिल्याच सभेत तुम्हाला दिली."

दुकानाच्या जुडग्यात ती निघाली. पेटी उघडली तर खाऊचे कागद, एक शेंगदाणा आणि वहीच्या कागदाच्या तीन घड्या. तिन्हींवर अक्षर माझ्या पोरीचं. मा. अध्यक्ष महोदय यांस, विषय: दार बसवणेबाबत. वरील विषयी विनंती करते की. माझ्या ताटाला ताट लावून जेवणारी पोरगी मला महोदय म्हणत होती. मग आठवलं. एकदा जेवताना ती शाळेचं काहीतरी सांगायला लागली होती आणि मी म्हणालो होतो, "शाळंचं घरात काढू नको. रीतसर अर्ज करायचा."

चिठ्ठ्या घेऊन घरी गेलो. ती अंथरुणावर बसून पाणी पीत होती. हातातले कागद बघून म्हणाली, "मिळाला व्हय अर्ज?"

"मिळाला."

"मग पोच द्या."

मी तिन्ही चिठ्ठ्या सावकाश वाचल्या. मग तिच्याकडून पेन घेतला आणि प्रत्येकीखाली सही केली.