ग्रेन की ग्रॅम?

"ग्रेन की ग्रॅम? नक्की बोला!" आमच्या कंपू मोहल्ल्यातल्या दवाखान्यात कुणी चिठ्ठी पुढे केली की आमचे कंपाउंडरकाका आधी हेच विचारत. आता तुम्ही-आम्ही काय सांगणार, कप्पाळ! चिठ्ठी डॉक्टरांची. पण विचारल्याशिवाय काकांचा हात तराजूकडे जात नसे.

ते आमच्या शेजारीच राहत. आधी संस्थान गेलं, मग मध्य भारत राज्यही गेलं, राजधानी भोपाळला हलली, आणि आता सेर-छटाकांबरोबर औषधं तोलायचे जुने ग्रेनही जाऊन ग्रॅम येत होते. माझे सासरे त्यांना मुद्दाम चिडवत, "ग्राम म्हणजे गाव ना हो?" काका हसत नसत.

"ग्रीकांचा शब्द आहे, भाऊसाहेब. अर्थ चिमुकलं वजन. फ्रान्सात राजा गेला तेव्हा तिथल्यांनी नवी मापं केली. करंगळीच्या पेराएवढं गार पाणी म्हणजे एक ग्रॅम. पण त्या चिमुकल्यात पंधरा ग्रेन बसतात! औषध पंधरापट गेलं, तर माणूस उठायचा नाही."

माझ्या धाकट्या लेकीला तेव्हा झटके येत. एका दुपारी काकांनीच बांधून दिलेली पुडी पाजून मी तिला निजवलं, आणि थोड्या वेळाने काका अनवाणी धावत आले.

"सूनबाई, पुडी दिलीस?"

"दिली की."

ते तसेच आत पोरीकडे धावले. "वजन कुठलं टाकलं, याद नाही गं मला. ग्रेनचं की ग्रॅमचं... पक्कं याद नाही."

मी पोरीला हलवलं, हाका मारल्या, ती हूं की चूं करीना. त्या औषधाने झोप यायचीच, पण ही झोप कोणती, ते कसं कळावं? सासरे डॉक्टरांना आणायला धावले. काका तिच्या नाकाशी बोट धरून बसले. मेल्या, काय केलंस हे, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. त्यांचं तोंड बघून गिळलं.

डॉक्टर दारात आले आणि पोरीने डोळे किलकिले केले. "आई, भूक लागली."

काका हुंदके देऊन रडले. डॉक्टरांनी तिला तपासलं, इतक्यात जागी झाली म्हणजे पुडी बरोबरच होती म्हणाले.

"काका, चुकलं नव्हतं तुमचं," मी नंतर सांगितलं.

"ते नशीब, बेटा. मला कुठे माहीत होतं?"

त्यांनी पुन्हा तराजू धरला नाही. थोड्याच दिवसांत मुलाकडे भोपाळला निघाले. निरोप घ्यायला आले तेव्हा लेक झोपली होती. मी चहा टाकते म्हटलं, तर उंबऱ्यातूनच म्हणाले, "चहा राहू दे. तिला उठव जरा. जागी बघून जातो."

मी उठवली. ती कुरकुरली, पाय झाडले, भोकाड पसरलं. काका हसले आणि टांग्यात जाऊन बसले.