पिठातलं पाऊल

बारावीनंतर मी प्राणिशास्त्र घेतलं आणि घरादाराला वैताग आणला. कुत्र्याच्या मागच्या पायाचा जो उलटा गुडघा दिसतो तो गुडघा नसून टाच असते, हे मी बोळिंजच्या आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलाही ऐकवलं होतं. कुत्रं-मांजर बोटांवर चालतं, घोडा तर नखावर. टाचेसकट अख्खा तळपाय टेकवून चालणारे म्हणजे आपण, माकडं, अस्वल आणि उंदरांची जात. अस्वलाचं पाऊल बघायची मला भारी हौस, पण विरारमध्ये अस्वल आणायचं कुठून? मग न्हाणीतून ओल्या पायांनी बाहेर येऊन स्वतःचेच ठसे निरखत बसायचे.

त्याच वर्षी तळमजल्यावर राहणारे माझे काका गेले. माणूस लाख चांगला, पण घरात टिकायचा नाही. दोन-दोन महिने बेपत्ता, मग एक दिवस चहा मागत दारात हजर.

काकू आगाशीकडच्या वाडीतली. तिच्या माहेरच्या रीतीप्रमाणे, काकांनी जिथे प्राण सोडला तिथे तांदळाचं पीठ पसरून दिवा ठेवला आणि वर टोपली तिरकी टेकवली. गेलेला माणूस पुढे ज्या जन्माला जाणार, त्याचं पाऊल सकाळी पिठात उमटतं म्हणतात. माझ्या आत्याने, काकांच्या सख्ख्या बहिणीने, निकाल आधीच लावून टाकला. जन्मभर दारोदार हिंडला, कुत्राच होणार, असं ती काकूच्या तोंडावर म्हणाली. मला तिचा असा संताप आला! काकू भिंतीला टेकून बसली होती. तिला एवढंच हवं होतं की कुत्र्याचं पाऊल उठू नये.

सकाळी टोपली उचलली. पिठात इवलीशी पावलं होती. पाच बोटं, तळवा, टाच, सगळं जिथल्या तिथे. आत्या वाकून बघत म्हणाली, कुत्र्याचंच. तेव्हा मात्र मला राहवेना. सगळ्यांदेखत मी सांगून टाकलं की इथे टाच टेकली आहे, कुत्र्याची टाच जमिनीला लागत नाही, तेव्हा हे कुत्र्याचं पाऊल नव्हे. लोकांनी ते माणसाचं ठरवलं आणि हात जोडले. पावलांच्या मधून एक बारीक रेघ गेली होती, तिच्याबद्दल मी बोलले नाही.

माणसं पांगल्यावर काकूने शेजारणीकडून आलेला चहा माझ्यापुढे सरकवला.

"शेपूट होती ना?" तिने विचारलं.

होती, मी म्हटलं. मागच्या नाल्यातली घूस असणार. काकूने मान हलवली आणि आपला चहा प्यायला घेतला.

महिन्याभराने सोसायटीचा माणूस घुशी मारायच्या गोळ्या घेऊन घरोघर फिरत होता. काकूने त्याला दारातूनच परत धाडलं. मी तिथेच होते. अगं, मोरी पोखरून टाकतील, मी तिला म्हटलं.

"पोखरू दे," काकू म्हणाली. "या खेपेला घर सोडून नाय गेले, तर मीच कशाला घालवू?"